मारुती कुठवर?

पावसाळ्यात पुण्याच्या आत्याचा फोन आला की "कसे आहात?" वगैरे भानगड नसते. थेट सवाल : "मारुती कुठवर?"

नाशिकबाहेरच्यांसाठी सांगतो. रामकुंडाजवळ, घाटावर दुतोंड्या मारुती उभा आहे. गंगेला पूर आला (गोदावरी आम्ही फक्त परीक्षेच्या पेपरात लिहितो) की पाणी त्याच्या अंगावर मोजायचं. गुडघ्याला लागलं तर तो पूर नव्हेच, मारुतीने पाय धुतले म्हणायचं. कमरेला लागलं की बघायला गर्दी. गळ्याशी आलं की सराफ बाजाराची झोप उडते. आणि मारुतीच बुडाला, तर पुढचं माप नारोशंकराच्या देवळाची घंटा. १९६९च्या पुराचं नाव निघालं की बाबा घंटेपासूनच सुरुवात करतात.

मी पडलो मोबाइलवाला. परवा गंगापूर धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली, तेव्हा ऐटीत सांगितलं, "बाबा, आठ हजार क्युसेक!"

"म्हणजे किती?"

"एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर."

"दीड बादली," बाबा म्हणाले. "अशा आठ हजार. बरं, मग कमरेला लागेल का?"

ते काही बातमीत दिलेलं नव्हतं.

तेवढ्यात घरच्या ग्रुपवर फोटो पडला. मारुतीचं नुसतं डोकं पाण्याबाहेर! आत्याचा फोन, काकांचा फोन, आईने देवापाशी दिवा लावला. फोटो २०१९च्या पुरातला. दर श्रावणात तो न चुकता येतो, खाली हात जोडलेले आणि "काळजी घ्या".

"त्या डबड्यावर विश्वास ठेवू नकोस. जा, बघून ये," बाबा म्हणाले.

इंदिरानगरहून निघालो. रेनकोट बाहेरून पाणी अडवतो हा गैरसमज द्वारकेच्या सर्कलपर्यंत टिकला. घाटाच्या अलीकडे पोलिसांनी दोर बांधलेला आणि दोराला लागून अख्खं नाशिक, हात वर करून. भक्तिभाव नव्हे, शूटिंग. माझ्यापुढचा पोरगा लाइव्ह करत होता, "गाइज, हनुमानजी बघा!" मी टाचा उंचावल्या, माना वळवल्या. शेवटी मारुती दिसला तो त्याच पोराच्या स्क्रीनवर. एवढ्यासाठी सोफ्यावरून उठलो होतो.

शेजारी एक आजी आल्या. पदर डोक्यावर, हातात रिकामी कापडी पिशवी. कुठल्या फटीतून पाहिलं कोण जाणे, हात जोडले, "बेंबीला लागलं," म्हणाल्या आणि भाजी घ्यायला निघून गेल्या.

मी घरी आलो. चपलेतून पाणी, मोज्यातून पाणी, मोबाइल तांदळाच्या डब्यात. दारातच बाबा, कानाला फोन, पलीकडे आत्या.

"बेंबीला," मी सांगितलं.

बाबांनी फोनवर हात ठेवला. "वर की खाली?"