सीमाभागातल्या ॲपला धड भाषा कशी येऊ देऊ नये

बेळगावातल्या कुंद्याच्या दुकानासाठी अँड्रॉइड ॲप करताय ना? मग बटणावरचा मजकूर बटणाच्याच ओळीत, अवतरणचिन्हांत लिहून टाका. अँड्रॉइड स्टुडिओ त्यावर पिवळा इशारा देईल. पिवळ्याकडे बघायचं नसतं.

पुढे दुकानदार म्हणेल, कन्नडपण पाहिजे. तेव्हा नाइलाजाने ॲपचं साहित्य ठेवायच्या 'रेस' फोल्डरात जा. तिथे 'व्हॅल्यूज' असतं आणि त्यात 'स्ट्रिंग्स डॉट एक्सएमएल'. प्रत्येक मजकुराला एक नाव द्यायचं आणि कोडमधून त्या नावाने तो मागवायचा. मागवायला 'गेटस्ट्रिंग' असतं, पण तेवढं टाइप कशाला करायचं? 'आर डॉट स्ट्रिंग डॉट नमस्कार' लिहा, पुढे अधिकचं चिन्ह, पुढे ग्राहकाचं नाव. 'आर' मधली ती गोष्ट मजकूर नसून मजकुराचा क्रमांक असते, हे कळायला ॲप चालू करावं लागतं. मग पडद्यावर २१३ ने सुरू होणारा दहा आकडी नंबर येतो आणि त्याला चिकटून ग्राहकाचं नाव. ग्राहक फोन करून विचारेल, "काय ओ, हा नंबर कुणाचा आलाय?" ओटीपी आहे म्हणून सांगा.

याची खरी गंमत अशी की पडद्यावर मजकूर लावणाऱ्या 'सेटटेक्स्ट'ला नुसता क्रमांक दिला तर तो बिनबोभाट चालतो, कारण क्रमांक घेऊन मजकूर शोधणारी वेगळी सोय त्यात आहे. त्यामुळे आपलं बरोबर आहे असा भरवसा बसतो. त्याच भरवशावर ग्रॅम दाखवायच्या जागी 'सेटटेक्स्ट'मध्ये थेट ५०० द्या. अर्धा किलो कुंदा राहिला बाजूला. फोन ५०० क्रमांकाचा रिसोर्स, म्हणजे ॲपमध्ये साठवलेला मजकूर, शोधायला निघतो, तो सापडत नाही आणि ॲप जागीच बंद पडतं. आकड्याचा आधी मजकूर करून दिला असता तर हे टळलं असतं, पण मग बंद-चालूची मजा कुठली?

आता मुख्य काम. मराठी आपली मूळ भाषा, म्हणून मराठी मजकूर बिनशेपटीच्या 'व्हॅल्यूज'मध्ये ठेवा. कन्नड 'व्हॅल्यूज-केएन'मध्ये; शेपटीतलं 'केएन' म्हणजे कन्नड, 'एमआर' म्हणजे मराठी. 'व्हॅल्यूज-एमआर' मुळीच करू नका, एकच मजकूर दोनदा कशाला? इथल्या पुष्कळ लोकांच्या फोनवर भाषांची यादी असते: मराठी पहिली, कन्नड दुसरी. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून फोन ही यादी वरून खाली वाचतो. 'एमआर' फोल्डर आहे का? नाही. 'केएन'? आहे. लावली कन्नड. बिनशेपटीच्या फोल्डरात कुठली भाषा आहे हे फोनला कळायला मार्ग नाही; फार तर इंग्रजी असेल असं तो धरून चालतो. तुमच्या टेबलावरच्या फोनला एकटी इंग्रजी लावलेली, त्यावर मराठी झकास दिसते. टिळकवाडीतल्या गिऱ्हाइकाला मात्र मराठी पहिली ठेवूनही कन्नड ॲप मिळतं. मग हे मुद्दाम केलंय का, कुणाच्या दबावाखाली केलंय, पाट्यांच्या वादाशी याचा काय संबंध, अशी चर्चा रंगते. एका फोल्डरवर एवढं राजकारण होत असेल तर तो फोल्डर करून वातावरण का बिघडवा?

आणि केलाच, तर पुढचा प्रत्येक नवा मजकूर फक्त 'व्हॅल्यूज-एमआर'मध्येच घाला. मूळ 'व्हॅल्यूज'मध्ये तो नाही, 'केएन'मध्येही नाही; त्यामुळे कन्नड फोनवर तो पडदा उघडला की ॲप कोसळतं. दोन्ही बाजूंवर अन्याय झाला म्हणजे समतोल साधला.

वाक्यं तुकड्यातुकड्यांनी जोडा. गावाच्या नावापुढे 'त' चिकटवा: 'निपाणीत', 'चिकोडीत' व्यवस्थित येतं, आणि लगेच 'खानापूरत', 'बेळगावत' घरपोच. 'पोहोचवायचं गाव' लिहून कोलन दिला आणि पुढे नुसतं नाव ठेवलं, तर प्रत्ययाचा प्रश्नच उरत नाही. म्हणून ते टाळा. नाव आणि किंमत एकाच वाक्यात भरायची असेल तर वाक्यात त्यांच्यासाठी सोडलेल्या जागांना पहिली, दुसरी असे क्रमांक देऊ नका. बिल्ड, म्हणजे कोडचं ॲप बनवणं, अडेल. तेव्हा त्या मजकुराला 'फॉरमॅटेड फॉल्स' लावून बिल्डचं तोंड बंद करा. कन्नड भाषांतर करणारा नाव आणि किंमत यांची अदलाबदल करेपर्यंत निवांत.

तारीख सर्व्हरला पाठवताना लोकेल, म्हणजे भाषा-प्रदेशाची सेटिंग, फोनवरचीच ठेवा. मराठी फोनवर अँड्रॉइड देवनागरी अंक काढतं, कन्नड फोनवर सहसा इंग्रजी अंकच. म्हणजे सर्व्हर ऑर्डरी नाकारतो त्या फक्त मराठी माणसांच्या, आणि वरच्या चर्चेला पुरावाही मिळतो. कुठल्याच भाषेचं नसलेलं 'लोकेल डॉट रूट' लिहिलं की हा प्रकार थांबतो. लिहू नका.

शेवटी ॲपमध्ये स्वतःचं भाषा बदलायचं बटण द्या. प्ले स्टोअरवर बंडल, म्हणजे ॲपचा सगळा गठ्ठा, चढवताना भाषांची विभागणी बंद करू नका. फोनच्या सेटिंगमध्ये जी भाषा असेल तेवढीच स्टोअर उतरवतं. इंग्रजी फोनवाल्याने 'कन्नड' दाबलं तरी समोर मराठीच, कारण कन्नड त्याच्या फोनवर आलेलीच नसते. केबल लावून थेट टाकलेल्या ॲपमध्ये सगळ्या भाषा असतात, तेव्हा दुकानदाराला दाखवायला जाताना केबल विसरू नका.