पाच लाइफ, अडीच तास

परवा रविवारी दांडिया बाजारातल्या आमच्या घरी नातेवाईक जमले होते. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, खिडकीशी पलंगावर बसून मोबाईलवर कँडी क्रश, म्हणजे सारख्या रंगाच्या गोळ्या जुळवून फोडायचा खेळ, खेळत होत्या. एक पाहुणे सगळ्यांदेखत म्हणाले, "या वयात मोबाईलचं व्यसन बरं नव्हे. तेही डोकं न लावता खेळायचा खेळ!" आईंनी काही न बोलता फोन उशीखाली सरकवला. मला ते फार लागलं. तेव्हा चारचौघांत बोलले नाही, म्हणून इथे लिहितेय.

आमच्याकडचे पुरुष रोज संध्याकाळी ओटल्यावर रमीचा डाव मांडतात. त्याला कुणी व्यसन म्हटलेलं मी आजवर ऐकलं नाही.

आई कशा खेळतात ते शेजारी बसून बघा एकदा. आधी पदराला बोट कोरडं करतात, ओल्या बोटानं स्क्रीन नीट चालत नाही. मग पट नुसता न्याहाळतात. जरा वेळ हात लावला नाही की गेम स्वतःच एक चाल हलवून दाखवतो. आई ती घेत नाहीत. "तो नुसतं जुळतंय ते दाखवतो गं. कुठली जेली फोडायचीय ते आपणच बघायचं." जेली म्हणजे पटावरच्या घरांवरचा थर, तो फोडला की लेव्हल पार. शक्यतो खालच्या ओळींत खेळतात, कारण खाली फुटलं की वरचं सगळं सरकतं आणि आपोआप आणखी जुळण्या होतात. चार गोळ्या रांगेत आल्या की पट्ट्यांची गोळी मिळते. सरळ रेषेत पाच आल्या की रंगीत दाण्यांचं चॉकलेट, त्याला आई 'लाडू' म्हणतात. लाडू आणि पट्टेवाली शेजारी आल्या तरी त्या घाई करत नाहीत. "थांब, कोपरा अजून अडलाय. आत्ता उडवला तर वाया जाईल."

गोळ्या जुळवायचा हा प्रकार तसा जुना आहे. १९९४ मध्ये रशियात 'शारिकी' नावाचा संगणकावरचा खेळ आला, २००१ मध्ये 'बिज्वेल्ड' आणि २०१२ मध्ये कँडी क्रश. ऑस्ट्रेलियातले संगणकशास्त्रज्ञ टोबी वॉल्श यांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं की गणिताच्या भाषेत हे कोडं 'एनपी-हार्ड' आहे. म्हणजे पट मोठा होत गेला की हमखास मार्ग काढायची झटपट रीत संगणकालाही सापडलेली नाही. याला 'डोकं न लावता खेळायचा खेळ' म्हणणं मला पटत नाही.

आणि व्यसन? पाच लाइफ असतात. हरलं की एक जाते, ती परत यायला अर्धा तास लागतो. पाचही संपल्या की सगळ्या भरायला अडीच तास. तेवढ्यात आईंची मेथी निवडून होते, चहा होतो. चाली संपल्यावर सोन्याच्या विटा मोजून आणखी चाली घेता येतात, आणि विटा पैशांनी मिळतात. आईंनी आजवर एक रुपया घातलेला नाही. "विकत घेऊन जिंकले तर त्यात माझं काय?"

चाळीस वर्षं त्यांची दुपार दुसऱ्यांचीच होती. सासऱ्यांचं जेवण, मुलांच्या शाळा, आजेसासूबाईंची औषधं. आत्ता कुठे ती त्यांच्या हाती आलीय.

रविवारनंतर कुणाची चाहूल लागली की त्या फोन झाकायला लागल्या होत्या. काल मी चार्जर त्यांच्या पलंगाजवळच्या प्लगला लावून ठेवला. पावणेसहाला खोलीतून हाक आली, "अगं, फुटला तो कोपरा!" आठ दिवस अडलेली लेव्हल होती. मी गॅस बंद करून बघायला धावले.