ऐकून घेतलं का, एवढंच विचारतेय

२०२५ च्या मे महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे भांडण झालं ते अजून माझ्या डोक्यातून जात नाहीये. विषय पुण्यातल्या त्या मुलीचा. इंजिनिअरिंगला असलेली १९ वर्षांची काश्मिरी मुलगी, ऑपरेशन सिंदूरच्या वेळी तिनं इन्स्टाग्रामवर कुणाचीतरी पोस्ट पुढे टाकली, दोन तासांत काढली, माफीही मागितली, पण तोवर स्क्रीनशॉट सगळीकडे फिरले होते, ९ मेला पोलिसांनी अटक केली आणि कॉलेजनं तिला रस्टिकेट करून टाकलं. ग्रुपवर सगळ्यांचं एकच, कॉलेजनं बरोबर केलं. मी एवढंच विचारलं की काढण्याआधी तिला कुणी विचारलं का, की बाई तुझं म्हणणं काय? त्यावर दादा, म्हणजे माझा आतेभाऊ, ज्यानं मला सायकल शिकवली तो, म्हणाला, तुम्हाला तिकडे बसून बोलायला काय जातं.

२७ मेला मुंबई हायकोर्टानं तिला जामीन दिला, कॉलेजच्या ऑर्डरला स्थगिती दिली आणि परीक्षेला बसू द्या म्हणून सांगितलं. कॉलेजनं तिला बाजू मांडायची संधीच दिली नव्हती हे कोर्टानं स्पष्ट म्हटलं. पण तोवर तिचे दोन पेपर बुडाले होते. ग्रुपवर मात्र कुणीच काही बोललं नाही, दुसऱ्या दिवशी आंब्यांचे फोटो आले.

दादाला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही, ते आता देते. कारण मी तिकडे बसून करते ते कामच हे आहे. इंग्लंडमध्ये उत्तरेकडच्या एका शहरात मी नऊ वर्षं स्टुडंट्स युनियनच्या ॲडव्हाइस सेंटरमध्ये आहे. विद्यापीठानं एखाद्या मुलावर आरोप ठेवला, कॉपीचा, दुसऱ्याकडून असाइनमेंट लिहून घेतल्याचा, हॉस्टेलमध्ये मारामारी केल्याचा, की तो मुलगा आमच्याकडे येतो, मी त्याची फाइल वाचते, जबाब लिहायला मदत करते आणि सुनावणीच्या दिवशी त्याच्या शेजारी बसते. माझा पगार विद्यापीठ ठरवत नाही, त्यामुळे मला घाबरायचं कारण नसतं.

आपल्याकडची मुलं येतात तेव्हा एक गोष्ट दर वेळी होते, आणि दर वेळी मला गलबलून येतं. आरोपाचं पत्र अजून धड वाचलेलंही नसतं आणि माफीनामा तयार असतो. सॉरी सर, चूक झाली, घरची परिस्थिती बेताची आहे, एक चान्स द्या. मी विचारते, अरे पण कसली चूक झाली? तर ते त्याला सांगता येत नाही. पत्र आलं म्हणजे आपण गुन्हेगार, आता फक्त पाया पडायचं, हे त्याच्या अंगात इतकं भिनलेलं असतं की विद्यापीठाला आरोप सिद्ध करावा लागतो हे सांगितलं तर तो माझ्याकडे अविश्वासानं बघतो. मग घरून फोन येतो, मॅडम तिकडे कुणाला भेटायला लागतं, काही ओळख निघते का. माऊली काळजीनं विचारते, तिला मी काय बोलणार. मी सांगते, ओळख नको, त्यानंच लिहिलंय हे दाखवायला त्याच्या ड्राफ्टच्या जुन्या फाइली शोधून पाठवायला सांगा.

ही सवय कुठून येते ते मला माहितीये, कारण मी ते जवळून बघितलंय. सेकंड इयरला पेपर चालू असताना भरारी पथक आलं. माझ्या पुढच्या बेंचवर माझी मैत्रीण. तिच्या पायाशी चिठ्ठी सापडली. उत्तरपत्रिका काढून घेतली, फॉर्मवर सही कर म्हणाले, ती रडत होती, केली सही. मग रिझल्ट राखीव. चारेक महिन्यांनी विद्यापीठात कमिटीपुढे बोलावलं, वडील रजा काढून एसटीनं घेऊन गेले, बाहेर व्हरांड्यात शंभरेक मुलं, आत गेल्यावर एकच प्रश्न, सही तुझीच ना? हो. संपलं. सगळा परफॉर्मन्स, म्हणजे त्या परीक्षेचे सगळे पेपर, रद्द आणि पुढच्या परीक्षेलाही बसायचं नाही. चिठ्ठीवरचं अक्षर आणि उत्तरपत्रिकेतलं अक्षर शेजारी ठेवून बघायला किती वेळ लागला असता? ती चिठ्ठी तिची होती की नव्हती हे मला आजही माहीत नाही, मी तिला कधी विचारलं नाही. पण विद्यापीठालाही ते माहीत नव्हतं, आणि तरी त्यांनी तिचं वर्ष घेतलं, याचा मला आज इतक्या वर्षांनीसुद्धा राग येतो.

आणि असं नाही की आपल्याकडे कायदा नाही. उत्तर प्रदेश बोर्डानं तीन मुलांचा इंटरचा, म्हणजे बारावीचा, निकाल कॉपीच्या आरोपावरून रद्द केला होता, त्यांना न ऐकता, तेव्हा सुप्रीम कोर्टानं १९६२ मध्येच सांगितलंय की हे चालणार नाही, अशी शिक्षा द्यायची तर आधी म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागेल. घनश्याम दास गुप्ता केस म्हणतात तिला, कायद्याच्या मुलांना पाठ असते. म्हणजे माझी मैत्रीण त्या व्हरांड्यात उभी होती तेव्हा तो निकाल लागून तीस वर्षं होऊन गेली होती.

आता ग्रुपवरचा दुसरा मुद्दा, की असं ऐकत बसलं तर शिस्त राहणार नाही, प्रत्येक जण वकील घेऊन येईल. हा मुद्दा मी झटकून टाकत नाही, पण त्याचंही उत्तर आपल्याच कोर्टानं देऊन ठेवलंय. रांचीच्या राजेंद्र मेडिकल कॉलेजात १९७२ च्या जूनमध्ये रात्री काही मुलं मुलींच्या हॉस्टेलच्या आवारात घुसली, मुलींशी अतिशय घाणेरडं वागली. प्राचार्यांनी तीन प्राध्यापकांची कमिटी नेमली. कमिटीनं मुलींचे जबाब त्या मुलांच्या माघारी घेतले, फोटोंवरून ओळख पटवून घेतली, मग मुलांना बोलावून आरोप सांगितला, त्यांचं म्हणणं घेतलं आणि काढून टाकलं. मुलं सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, आम्हाला साक्षीदारांना प्रश्न विचारू दिले नाहीत म्हणून. कोर्टानं १९७३ मध्ये त्यांना रिकाम्या हातानं परत पाठवलं, की त्या मुलींना तुमच्यासमोर उभं केलं असतं तर त्यांना तिथे राहणं मुश्किल झालं असतं, कॉलेजची चौकशी म्हणजे कोर्टातला खटला नव्हे, तुम्हाला आरोप कळला, तुमचं ऐकलं गेलं, पुरे. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. ऐकून घ्यायला वकिलांची फौज लागत नाही, आरोप लेखी सांगायचा, दोन-चार दिवस द्यायचे, समोर बसवून ऐकायचं आणि निर्णयाची कारणं लिहायची. कुठल्याही तालुक्याच्या कॉलेजला जमेल असं आहे हे.

आणि ऐकलं म्हणजे सोडलं असंही नाही. एक मुलगा होता, आपल्याच भागातला, एमएस्सीला. पैसे देऊन प्रोजेक्ट लिहून घेतल्याचा आरोप. अशी असाइनमेंट लिहून देण्याचा धंदा करणं इंग्लंडमध्ये २०२२ पासून गुन्हा आहे, पण ज्यानं विकत घेतलं त्याचं काय करायचं हे विद्यापीठानं बघायचं. त्याला सगळे पुरावे दहा दिवस आधी मिळाले. पॅनेलवर तिघं जण, त्याला न शिकवणारे. चाळीस मिनिटं शांतपणे विचारत होते, ही पद्धत का निवडली, हा तक्ता कसा काढला, आणि त्याला सांगता येईना. मला बाजूला बसून कळत होतं की यानं नाही लिहिलेलं. झीरो मिळाला, मॉड्यूल परत करायला लागलं. निर्णयाचं चार पानी पत्र आलं, त्यात त्याचं प्रत्येक म्हणणं घेऊन ते का पटलं नाही हे लिहिलं होतं. तो माझ्यासमोर ते दोनदा वाचून म्हणाला, ताई, बरोबर आहे त्यांचं. शिक्षा झालेल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य मी आपल्याकडे कधी ऐकलेलं नाही.

विद्यापीठातलं अपील संपलं की पुढे इथे विद्यार्थ्यांच्या तक्रारी बघणारं स्वतंत्र ऑफिस ऑफ द इंडिपेंडंट अ‍ॅडज्युडिकेटर आहे, २००४ च्या कायद्यानुसार, इंग्लंड आणि वेल्ससाठी. खर्च विद्यापीठं देतात, मुलाला एक पैसा लागत नाही, अंतिम पत्र हातात पडल्यापासून १२ महिन्यांत तक्रार करायची. किती मार्क द्यायला हवे होते यात ते पडत नाहीत, पद्धत नीट पाळली का, शिक्षा रास्त आहे का हे बघतात. मार्गदर्शक नियम त्यांनीच लिहिलेत, आरोप सिद्ध करायची जबाबदारी विद्यापीठाची, आणि अंतर्गत प्रक्रिया शक्यतो ९० दिवसांत संपवा. शक्यतो म्हणतेय, कारण वर्षभर रखडलेल्या केसेस मी बघितल्यात आणि त्या वर्षात मुलं झोपत नाहीत.

इथलं सगळं छान आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. १९९४ च्या एका अहवालाचा आधार घेऊन इथल्या विद्यापीठांनी वीसेक वर्षं गंभीर लैंगिक तक्रारींत पोलिसांकडे जा म्हणून हात झटकले, ते २०१६ नंतर बदलायला लागलं, तोवर किती मुलींनी शिक्षण सोडलं असेल. आणि परदेशी मुलाची गोष्ट वेगळीच असते. इथल्या मुलाला काढलं तर तो घरी जातो, आपल्या मुलाला काढलं की विद्यापीठाची व्हिसासाठीची स्पॉन्सरशिप जाते आणि होम ऑफिस, म्हणजे इथलं गृहखातं, साधारण ६० दिवसांत देश सोडायला सांगतं, मागे बँकेचं कर्ज आणि गहाण टाकलेलं घर. २०१४ मध्ये इंग्रजीच्या परीक्षेत फसवणूक झाल्यावरून सरकारनं हजारो विद्यार्थ्यांचे व्हिसे रद्द केले, त्यात भारतातली कितीतरी मुलं, ज्यांनी फसवणूक केली ती आणि ज्यांनी नाही केली तीसुद्धा, आणि आपल्याविरुद्ध पुरावा काय हे बघायला अनेकांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. म्हणजे ऐकायचं टाळलं की इथेही तेच होतं जे त्या व्हरांड्यात झालं. गोरे लोक न्यायी असतात वगैरे काही नाही, नियम लेखी आहे आणि तो दाखवणारं कुणीतरी मुलाच्या शेजारी बसलेलं असतं, एवढाच फरक.

आपल्याकडे यूजीसीनं २०२३ मध्ये विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नियम काढलेत, प्रत्येक कॉलेजात तक्रार निवारण समिती आणि त्यावर अपील ऐकायला विद्यापीठाचा लोकपाल, माजी कुलगुरू किंवा निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश. कागदावर वाईट नाही. पण २०२४ च्या जूनमध्ये यूजीसीनंच यादी लावली, १५७ विद्यापीठांनी लोकपाल नेमलेलाच नाही म्हणून. वाङ्मयचौर्याचे २०१८ चे नियम आहेत, प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत सारखेपणा चालेल, ६० च्या वर गेलं तर विद्यार्थ्याचं रजिस्ट्रेशन रद्द, त्यातही समितीनं संधी द्यायची असं आहे, पण सॉफ्टवेअरचा आकडा आला की तोच निकाल मानायची घाई दिसते. तो आकडा फक्त सारखेपणा दाखवतो, अवतरणचिन्हात नीट उतरवून घेतलेला मजकूरही त्यात येऊ शकतो, माणसानं वाचल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

दादा, तू विचारलंस बोलायला काय जातं. मला भीती वाटते म्हणून बोलते. तुझा मुलगा आता अठराचा झालाय, हातात फोन आहे, रागाच्या भरात काय फॉरवर्ड करेल सांगता येत नाही, शेजारच्यानं टाकलेली चिठ्ठी त्याच्या पायाशी येऊ शकते. ती पुण्याची पोस्ट मलाही आवडली नव्हती. पण तिला जे झालं ते त्याला होऊ नये असं वाटत असेल तर तिच्या वेळेलाच म्हणायला हवं होतं, की थांबा, आधी विचारा तिला.

वहिनीला मी सांगितलं होतं की ॲडमिशन घेताना ऑफिसात लोकपालांचं नाव विचारून ठेव, प्रॉस्पेक्टसमध्ये तर 'प्राचार्यांचा निर्णय अंतिम राहील' एवढंच छापलंय. ती बिचारी गेली, तीन खिडक्या फिरली. शेवटच्या खिडकीवरच्या माणसानं विचारलं, काही तक्रार आहे का? वहिनी म्हणाली, नाही हो, ॲडमिशन घेतोय. मग नाव कशाला पाहिजे, म्हणाला. सोमवारी परत जा म्हणून मी सांगितलंय तिला.