टाटा स्कायबद्दलच्या त्या मेसेजविषयी

‘देशातली पहिली डीटीएच टाटा स्काय 2022 ला बंद पडली, टाटा प्ले ही वेगळीच कंपनी, जुने बॉक्स बदलून घ्या’ असा मेसेज फिरतोय. रविवारी मीही तो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता. चूक माझी.

पहिली सशुल्क सेवा डिश टीव्हीची, ऑक्टोबर 2003 मधली. दूरदर्शनची मोफत डीडी डायरेक्ट प्लस आली डिसेंबर 2004 मध्ये. टाटा स्काय सुरू झाली ऑगस्ट 2006 मध्ये, टाटा आणि स्टार यांच्या भागीदारीत. पडताळायची सोपी खूण म्हणजे तिची छत्री ज्या इन्सॅट-4ए कडे तोंड करून बसायची, तो उपग्रहच मुळात डिसेंबर 2005 मध्ये अवकाशात गेला.

खरं तर याच्याही आधी, 1997 मध्ये, स्टारची अशी सेवा यायची होती. पण सरकारने केयू बँडवर, म्हणजे अशा सेवेला लागणाऱ्या उपग्रह-लहरींच्या पट्ट्यावर, बंदी घातली. गच्चीवर केबलवाल्याची ती भलीमोठी तबकडी असायची ना, ती सी बँडची. केयू बँडला खिडकीच्या ग्रिलवर मावेल एवढी छत्री पुरते (पाऊस आला की चित्र गोठतं, तेही त्याच बँडमुळे). डीटीएचला परवानगी मिळाली नोव्हेंबर 2000 मध्ये.

आणि जानेवारी 2022 मध्ये बदललं ते फक्त नाव. कंपनीनेच ते जाहीर केलं होतं. कंपनी तीच, ग्राहकही तेच. नावापायी बॉक्स बदलायची गरज नाही, त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. जुना मेसेज मी काढून टाकलाय. तुम्ही पुढे पाठवला असेल तर तिथेही हे टाका.