गाडी दोघांची, आरसी एकाची

वाद पेटला तो दिल्याला आलेल्या चलानावरून. सिग्नल तोडला त्याच्या भावाने, मेसेज आला दिल्याला. "गाडी अर्धी त्याची, मग चलान अख्खं माझं कसं?" म्हणत त्याने फोन एकेकाच्या नाकासमोरून फिरवला. फोटोत नंबरप्लेट लख्ख, काचेमागचा चेहरा मात्र उजेडाच्या तिरिपीत गायब.

"आरसीवर नाव तुझं ना? मग भर गपचूप," वश्या म्हणाला.

"पैसे निम्मे निम्मे घातलेत. बँकेची एन्ट्री दाखवू?"

"आरटीओत कोणी विचारलं होतं का पैसे कुणाचे म्हणून? ज्याचं नाव त्याची गाडी. विषय संपला."

विषय संपला म्हटलं की आमचा वकील तोंड उघडतो. हा वकील म्हणजे नावाचाच. लॉ दुसऱ्या वर्षाला सोडलं आणि आता अपघाताचे क्लेम बघतो. तो म्हणाला, दोघांची गाडी असू शकते हे कायद्यालाही ठाऊक आहे. मोटार वाहन कायदा 1988, कलम 41. गाडी एकाहून जास्त जणांची असेल तर सगळ्यांच्या वतीने एकाने अर्ज करायचा, आणि या कायद्यापुरता तोच मालक धरायचा.

"म्हणजे मीच मालक!" दिल्या खूश.

"'या कायद्यापुरता' म्हणालो मी. चलान, टॅक्स, अपघाताची नोटीस यांना तू मालक. भाऊ उद्या दिवाणी कोर्टात ती बँकेची एन्ट्री घेऊन उभा राहिला, तर नुसती आरसी नाचवून त्याचे पैसे गिळता येणार नाहीत तुला."

"थोडक्यात, मार खायला एकटा आणि वाटणीला दोघं," वश्या खिदळला.

माझं मत विचाराल तर वश्याने सगळ्या कलमांचा अर्क काढला होता. पण दिल्या इरेला पेटलेला. मग दोघांची नावं लावून टाकू, म्हणाला. वकील म्हणे, 2020 पासून नोंदणीच्या अर्जात, म्हणजे फॉर्म 20 मध्ये, मालकीचा प्रकार विचारतात, त्यात एकाहून अधिक मालक असाही पर्याय आहे. पण कलम 41 जागेवरच आहे, पकडायला एक मान लागतेच. त्यापेक्षा कुणी किती घातले, विकली तर कोणाला किती, हे दोघांच्या सह्यांनी कागदावर घ्या.

"सख्ख्या भावाकडून लिहून घेऊ?"

"सख्खा आहे म्हणूनच. आणि अजून एक. विम्यात मालक-चालकाचं 15 लाखांचं अपघाती कव्हर असतं ना, ते ज्याचं आरसीवर नाव त्याला. भाऊ चालवत असताना त्याचं काही बरंवाईट झालं, तर त्या कव्हरमधून घरच्यांना काही नाही. त्याच्यासाठी वेगळं काढावं लागतं."

यावर दिल्या पहिल्यांदा गप्प झाला. चलानाचं तो विसरलाच बहुतेक.

मीही गप्पच होतो, कारण आमची स्कूटर अजून वडिलांच्या नावावर आहे. मालक गेल्यावर वारसाने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत गाडी नावावर करून घ्यायचा फॉर्म 31 भरायचा. आमचे वडील जाऊन तर वर्षं झाली. आता नॉमिनी आरसीतच लावता येतो, 2021 पासून. वडिलांच्या वेळी ती सोय नव्हती, आणि असती तरी त्यांनी काही केलं नसतं.

"तरी मी शहाणा," वश्या म्हणाला, "भानगडच ठेवली नाही. जुनी बाइक विकली, नावबदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या ठोकल्या, मोकळा."

"तारीख घातलीस?" वकिलाने विचारलं.

"कोरी ठेवली. तो म्हणाला, पुढचं गिऱ्हाईक मिळालं की भरतो."

"नावावर करून घेतली का त्याने?"

"घेतली असेल की."

वकील हसला नाही. विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने 30. नुसत्या सह्या देऊन नोंद बदलत नाही. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असंच एक प्रकरण होतं. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, तिथून पुढे हातोहात गेलेली, अपघात झाला तेव्हा भलत्याच्याच ताब्यात. तरी भरपाईची जबाबदारी ज्याचं नाव नोंदीत होतं त्याच्यावर टाकली.

वश्याने एमपरिवहन हे सरकारी ॲप उघडलं. जुना नंबर त्याला तोंडपाठ. मालकाच्या नावात काही अक्षरं फुल्यांनी झाकलेली असतात, पण स्वतःचं नाव ओळखायला पहिलं अक्षर आणि आडनावाचा शेवट पुरतो. तो स्क्रीन खाली सरकवत विम्याच्या मुदतीपाशी थांबला.

"संपलीय," तो म्हणाला. "मागच्याच्या मागच्या वर्षी."

दिल्याने त्याच्या हातातला फोन घेतला, तारीख वाचली आणि काही न बोलता परत दिला.