‘पुढे’चं बटण काही केल्या पेटत नाही

काल दोन तास चाळीस मिनिटं मी एका गोऱ्या कार्टूनला बर्फावरून घसरताना पाहत बसलो. नागपुरात. एप्रिलमध्ये. हिंगणा एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये, जिथं दुपारी दोन वाजता रेलिंगला हात लावला की चटका बसते. वर कार्टूनच मला शिकवून राहिलं की पार्किंगमधल्या बर्फावर मीठ टाका. अरे बाबा, आम्ही मीठ टाकतो ते लिंबूपाण्यात, पोरांना ऊन लागू नये म्हणून!

याचं नाव सुपरवायझर रिफ्रेशर ट्रेनिंग. दरवर्षी, ऑनलाइन, सक्तीचं. मी प्रेस शॉपमध्ये, म्हणजे मशीननं पत्रा दाबून पार्ट काढतात तिथं, 19 वर्षं काढली आणि हे मॉड्यूल आता चौथ्यांदा पाहतो आहे. बाईचा आवाज तोच, ‘नमस्कार, तुमचे स्वागत आहे’ तेच. स्लाइड मी दहा सेकंदात वाचतो, पण बाईला तीच वाचायला दीड मिनिट लागते आणि तिचं होईस्तोवर ‘पुढे’चं बटण पेटत नाही. दुसरी खिडकी उघडली की बाई गप्प. तिकडे लाइनवरून फोन येऊन राहिला की पत्र्याची कॉइल संपली, आणि मी इकडे बाईचं तोंड पाहत बसलो आहे. शेवटी 15 प्रश्न. 80 टक्के नाही पडले तर पुन्हा पहिल्या स्लाइडपासून.

मराठी निवडलं तर आणखी गंमत. शिफ्ट सुरू होताना पोरांना उभं करून पाच मिनिटं जे बोलतो, त्याला अख्खी एमआयडीसी टूलबॉक्स टॉक म्हणते. मॉड्यूलमध्ये लिहिलं आहे, ‘अवजारपेटीचे भाषण दररोज लक्षपूर्वक ऐकावे.’ म्हणजे पाना उठून भाषण देणार आणि पकड टाळ्या वाजवणार. हे छापायच्या आधी एकाही मराठी माणसानं वाचलं नसेल का बे?

मागच्या वर्षी आम्ही सगळ्यांनी मिळून सांगितलं, साहेब, फार लांबते, झोप येते. साहेब म्हणाले, यंदा इंटरेस्टिंग करू. केलं ना! आता डोळेवालं एक हेल्मेट उड्या मारत येते आणि ‘शाब्बास योद्धा!’ म्हणते. माउसनं गॉगल ओढून माणसाच्या नाकावर बसवायचा. घसरला तर एक जीव कमी. माझ्या मिशा पांढऱ्या झाल्या आणि मी गॉगल नाकावर बसवण्याचा खेळ खेळतो आहे. या खेळापायी मॉड्यूल 25 मिनिटांनी वाढलं, ते वेगळंच.

हसण्यावारी नेलं असतं. पण मागच्या महिन्यात जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगमधली एक ताई हळूच येऊन विचारते, “भाऊ, बाईमाणसाला त्रास दिल्याची तक्रार किती दिवसांत द्यावी लागते?” माझ्याजवळ तीन वर्षांची शंभर टक्केवाली सर्टिफिकिटं, आणि मला आठवेना. पाहून सांगतो म्हटलं अन् स्टोअरच्या मागे जाऊन मोबाइलवर शोधलं. घटनेपासून तीन महिने, कारण पटलं तर कंपनीची तक्रार समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीचंच काम. चौकशी 90 दिवसांत संपवायची. बस, चार वाक्यं! मॉड्यूलमध्ये कामाच्या जागी बायांच्या छळावरचा सुप्रीम कोर्टाचा 1997 चा विशाखा निकाल आणि त्यावरचा 2013 चा कायदा यांचा इतिहास 11 स्लाइड चालतो, आणि हे तीन महिने ‘अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा’च्या मागे दडवून ठेवले आहेत. त्या ताईसमोर मी कसा उभा होतो ते माझं मलाच ठाऊक.

आणि कालचं ऐका. मी ऑफिसात बसून ‘मशीनचे संरक्षण’ हा धडा पाहत होतो, त्याच वेळी माझ्या लाइनवर एका नव्या पोरानं जुन्या प्रेसचं एक बटण टेप लावून दाबून ठेवलं होतं. प्रेसला दोन बटणं काहून असतात? दोन्ही हात बटणांवर राहावेत, डायमध्ये, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या साच्यात, जाऊ नयेत म्हणून. नव्या मशीनवर असं दाबून ठेवलं तर पुढचा स्ट्रोकच बसत नाही, पण या जुन्या धुडाला ते कळत नाही. टार्गेट गाठायचं म्हणून पोरं एका हातानं चालवतात आणि दुसरा हात पीस काढायला आत. परत येऊन पाहिलं आणि माझेच पाय लटपटले. टेप काढला, त्याला बाजूला घेतलं, दोन्ही बटणं कशासाठी ते मशीनपुढं उभं राहून दाखवलं. सात मिनिटं लागली. हे आयुष्यभर विसरणार नाही तो.

माझी पोरगी बी.एड. करते. ती सांगत होती, एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं 1885 मध्येच लिहून ठेवलं की एकदा पाठ केलेलं एका दिवसात बहुतेक उडून जाते, आणि थोडं थोडं, दिवस सोडून केलं तर टिकते. त्यानं म्हणे स्वतःवरच प्रयोग केला, अर्थ नसलेले शब्द घोकून. आमच्या मॉड्यूलशी त्याचं छान जमलं असतं.

मग वर्षातून एकदाच सगळा ढीग काहून टाकता? आधी परीक्षा घ्या. ज्याला येते त्याला सोडा, ज्याचं चुकलं त्याला तेवढंच शिकवा, आठ मिनिटांत, आपल्याच शेडचे फोटो दाखवून. मेच्या आधी उन्हाचं घ्या: माणूस बरळू लागला, अंग तापलं की लगेच 108 लावा, आणि गाडी येईस्तोवर सावलीत आणून अंगावर पाणी ओता. पावसाळ्याआधी करंटचं घ्या. आग विझवायचा सिलिंडर खरा हातात द्या, कारण तो अर्ध्या मिनिटाच्या आत रिकामा होते आणि पिन शोधण्यातच अर्धा वेळ जाते. हे कार्टूनला माहीत नाही. पण ऑडिटवाल्याला हिरवा टिक दाखवायचा आहे ना!

म्हणूनच अर्ध्या सुपरवायझरांचं ट्रेनिंग त्यांची पोरं घरी बसून करतात. ग्रुपवर उत्तरं फिरतात, ‘1-क, 2-ड, 3-क’. मी आजवर त्यांना शिव्या घालत आलो.

सहा तारखेला दुसरा भाग आहे. दोन तास दहा मिनिटं. काल रात्री जेवताना पोराला विचारून ठेवलं, सहाला मोकळा आहेस का म्हणून.