पंपाची म्हणे सवय लागते

आज सकाळी फॅमिली ग्रुपवर परत तेच. 'पंप सोडा, दमा कायमचा पळवा.' खाली आलं, मध, काळी मिरी. तीन अंगठे, दोन नमस्कार. त्यातला एक अंगठा माझ्या धाकट्या बहिणीचा. हिच्याच पोराला गेल्या आठवड्यात रात्री दोनला नेब्युलायझर लावावा लागला, कारण रोजचा पंप हिने महिनाभर बंद ठेवला होता. का, तर सवय लागते! अगं, सवय त्याला श्वास घ्यायची लागलीये.

काढ्यांशी माझं वैर नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आजी अडुळशाची पिकून पिवळी झालेली पानं तव्यावर गरम करायची, फडक्यात घालून पिळायची. एवढ्या पानांतून जेमतेम चमचाभर रस, कडूजहर, त्यात मध. तो पिऊनच वाढलेय.

पण १९९० चा पावसाळा, चिपळूण. मी आठ वर्षांची. रात्री धाप लागली, छातीत शिट्ट्या वाजायला लागल्या. आजीने कोमट तेल चोळलं, ओव्याची पुरचुंडी तव्यावर टेकवून शेकलं. शेक बरा वाटला, खोटं कशाला बोलू? मग निखाऱ्यावर ओवा आणि धूप टाकून धुरी. दारंखिडक्या बंद. दम्याच्या पोरीला धूर! नखं निळी पडली तेव्हा बाबांनी चादरीसकट उचलून दवाखान्यात नेलं. इंजेक्शन दिल्यावर पहाटे मी चहा मागितला म्हणे.

पुढच्या मृगाला काकांनी हैदराबादलाही नेलं. तिथे दम्याचं औषध जिवंत मरळ माशाच्या तोंडात घालून तो मासा गिळायला देतात. आम्ही शाकाहारी, म्हणून मला गुळातून. त्या गर्दीत, धुळीत, रांगेतच मला धाप लागली.

अडुळशात काहीच नाही असं नाही. त्यातल्या वासिसिनवरूनच ब्रोमहेक्सिन निघालं, कफाच्या कितीतरी सिरपांत असतं ते. बरं, मान्य. पण ते कफ पातळ करतं. दम्यात नळ्या आवळतात, आतून सुजतात. आवळलेल्या नळ्या निळा पंप काही मिनिटांत मोकळ्या करतो, सूज रोजचा पंप उतरवतो. 'स्टिरॉइड आहे हो त्यात!' आहे. मायक्रोग्रॅममध्ये. त्याला घाबरून पंप टाकलात की ॲटॅक येतो आणि तेच स्टिरॉइड गोळ्यांतून मिलिग्रॅममध्ये पोटात जातं. हे कोणी फॉरवर्ड करत नाही.

लिहितालिहिता राग उतरला थोडा. त्या रात्रीची आजीच डोळ्यांपुढे येतेय. दवाखान्याच्या बाकावर, पदराला ओव्याचा वास, हात थरथरत होते. दुसऱ्या दिवशी तिने धुपाटणं उचलून परसातल्या खोपटात नेऊन ठेवलं. कोणी सांगितलं नव्हतं. चार वर्षांनी मला पंप मिळाला, तेव्हा स्पेसरला, म्हणजे पंपाला जोडायच्या प्लास्टिकच्या नळकांड्याला, ती 'बाटली' म्हणायची. आधी बाटली, मग चूळ, मग अडुळसा, हा क्रमही तिनेच लावला. शाळा चौथीपर्यंतची.

धाकटे, चारचौघांत बोलले म्हणून रागावली असशील तर रागाव. संध्याकाळी येतेय. आलं-मधही आणते. पंप कुठल्या कपाटात टाकलायस, तेवढा शोधून ठेव.